लिस्बनच्या बातम्या, व्हाया चांगी

पोर्तुगीज भाषेतलं एकही वाक्य मला धड बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतं, नोकरीत नक्की काय करत होतात? मी म्हणते, एका पोर्तुगीज वृत्तवाहिनीचं आशियातलं प्रसारण सांभाळत होते. लगेच, "अय्या, तुम्ही गोव्याच्या का?" नाही, साताऱ्याची. "मग पोर्तुगीज कुठे शिकलात?" शिकले नाही. यावर समोरच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला पाठ झाला आहे. बाई एक तर थापा मारतेय, नाहीतर ती वाहिनी बंद पडली असणार.

थापा नाहीत. आणि वाहिनी अजून चालू आहे, त्यांच्या देशात. आमच्याकडची बंद पडली, ती माझ्या पोर्तुगीजमुळे नव्हे. ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

टीव्हीवर दिसणारी वाहिनी स्टुडिओतून सरळ आपल्या घरात येते असं लोकांना वाटतं. मधे एक खोली असते. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकांच्या काचेच्या इमारतींच्या मागे आमची होती. स्वेटर घालून बसावं लागेल इतका एसी, भिंतभर पडदे, आणि प्रत्येक पडद्यावर वेगळ्या देशाची वाहिनी. कुठे कोरियन मालिका, कुठे स्वयंपाक, कुठे कार्टून. या सगळ्या शहाण्या वाहिन्या. त्यांचे कार्यक्रम आधीच येऊन पडलेले असत, यंत्र ते ओळीने लावत जाई, माणसाने फक्त लक्ष ठेवायचं.

वृत्तवाहिनीचं तसं नाही. तिथे पुढच्या मिनिटाला काय होणार हे ती चालवणाऱ्यांनाही माहीत नसतं. लिस्बनहून चित्र येई, आम्ही त्यातल्या तिकडच्या जाहिराती काढून आमच्या पट्ट्या लावायच्या आणि ते मकाव, तिमोर आणि सिंगापूरमधल्या थोड्या घरांकडे पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण जाहिरातींची वेळ झाली की निवेदक थांबेल तर शपथ. समोर बसलेला पाहुणा हातवारे करत बोलतच राहणार, लिस्बनच्या कंट्रोल रूममधून नूनो म्हणणार, "वाईदेई, दोन मिनिटं," आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा म्हणणार, "दोन मिनिटं." माझं नाव वैदेही. त्यांच्या तोंडात 'ह' बसत नाही, म्हणून मी सगळी वर्षं वाईदेई होते.

हा नूनो म्हणजे तिकडचा माझा जोडीदार. आमच्या दोन खोल्यांमध्ये इंग्रजीत बोलायची एक कायमची लाईन होती, फक्त तांत्रिक कामासाठी. तिच्यावर मी त्याच्याशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन. नवरा जुरोंग आयलंडला कंपनीच्या बसने भल्या पहाटे निघून जाई, त्यामुळे त्याच्याशी भांडायला वेळही कमी मिळाला.

सगळ्यात मोठा छळ फुटबॉलचा. पोर्तुगीज बातम्यांत फुटबॉल यावा लागत नाही, तो असतोच. मधूनमधून राजकारण येतं. आता त्या सामन्यांचे हक्क वाहिनीकडे फक्त स्वतःच्या देशापुरते. आशियात एक गोल जरी दिसला तरी वकिलाचं पत्र. म्हणून सामन्याची दृश्यं आली की आम्ही बटण दाबून वर एक निळी पाटी लावायची, 'हे दृश्य आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही'. पण दृश्यं कधी येणार हे कळायला भाषा यायला हवी. नूनो सांगायला विसरे. मग आमचा तंत्रज्ञ झुल, म्हणजे झुल्किफ्ली, याने एक युक्ती काढली. हिरवं दिसलं की झाकायचं.

ही युक्ती बरेच दिवस उत्तम चालली. मग एका संध्याकाळी त्यांचे कृषिमंत्री कुठल्याशा शेतात उभे राहून काहीतरी महत्त्वाचं बोलायला लागले आणि झुलने त्यांना निळ्या पाटीखाली गाडून टाकलं. मंत्री बोलतायत, आवाज येतोय, चित्र नाही. दोन मिनिटांत फोन वाजला.

"तू माझा मंत्री का झाकलास?"

डोना आल्दांशी झालेलं हे माझं पहिलं बोलणं, अर्थात इंग्रजीत. डोना म्हणजे आपल्या बाई किंवा ताई यासारखं. वय ऐंशीच्या पुढे, जन्म मकावचा, नवरा वारल्यावर मुलीकडे सिंगापुरात, पुंगोलला राहायला आलेल्या. मुलीने चिनी मुलाशी लग्न केलेलं, नातू सगळ्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तर देणारा. घरात पोर्तुगीज बोलणारी एकच गोष्ट होती, टीव्ही. आधीच्या तक्रारींना केबल कंपनीच्या मदत केंद्रात कुणी दाद देईना, तेव्हा बाईंनी कुठून कुठून आमच्या कंट्रोल रूमचा नंबर मिळवून ठेवला होता. तो बाहेर कुणाकडे असणंच अपेक्षित नव्हतं. मी त्यांना सांगितलं, हा ग्राहकांसाठी नंबर नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, मेनीना. उद्या किती वाजता करू?"

मेनीना म्हणजे मुलगी. मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

त्यानंतर त्यांचा फोन येतच राहिला. चित्राला हिरवट झाक आहे. खालची पट्टी फार जोरात पळते. नव्या निवेदिकेला मुळीच उच्चार येत नाहीत, तिला काढा. मी दर वेळी समजावायची की मी फक्त मधली खोली आहे. "बरोबर," त्या म्हणायच्या, "म्हणूनच तुला दोन्हीकडचं ऐकू येतं." माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "आई, जस्ट ब्लॉक हर ला." मी ब्लॉक केलं नाही. खरं सांगायचं तर चित्रात बिघाड झाल्याचं यंत्राच्या आधी त्या सांगायच्या.

वाहिनीचा इतिहास मला नूनोने सांगितला, तोही तुकड्यातुकड्यांत, जाहिराती संपायची वाट बघताना. एका केबल कंपनीला घरोघरी तारा विकायच्या होत्या आणि तारेतून दाखवायला काहीतरी हवं होतं. म्हणून एका गोदामात टेबल मांडून चोवीस तासांची बातम्यांची वाहिनी सुरू केली. लोक हसले. दिवसभर बातम्या कोण बघणार? नूनो तेव्हा केबल गुंडाळणारा पोरगा. पहिल्या हिवाळ्यात एका नदीला पूर आला, मोठ्या वाहिन्या आपापल्या मालिका दाखवत राहिल्या आणि गोदामातली मुलं गमबूट घालून पुरात उभी राहिली. तेव्हापासून हसणं बंद झालं. मग स्टुडिओ मोठा झाला, स्पर्धक आले, बोधचिन्ह बदललं, पुन्हा बदललं, आणि प्रत्येक वेळी माझी निळी पाटी नव्याने करावी लागली. भाषा जिथे जिथे बोलली जाते तिथे तिथे आपण पोचायचं, अशी कुणा संचालकांना स्फूर्ती आली, त्यातून आमचं आशियाचं प्रसारण निघालं. नंतर ते संचालक गेले. स्फूर्तीही गेली. गोदामातली पिढी एकेक करून निवृत्त झाली आणि नवीन आलेल्या मंडळींना सगळं जग फोनवर दिसायला लागलं.

ते पत्र आलं तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही, वैताग मात्र आला. आशियाचं प्रसारण महिनाअखेर बंद. प्रेक्षकांनी ॲप वापरावं. आमचा साहेब रेमंड म्हणाला, "साधी गोष्ट आहे. एक वाहिनी कमी." त्याला डोना आल्दांचे फोन येत नव्हते.

मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नातवाने ॲप घातलं फोनमध्ये. ते पोर्तुगालचा मोबाइल नंबर मागतं. माझ्याकडे असता तर मी पोर्तुगालमध्ये असते ना? मग मला ॲप कशाला लागलं असतं?"

मी हे लिस्बनला कळवलं. उत्तर आलं, आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. खाली ॲपची लिंक.

बंद व्हायला थोडेच दिवस राहिले असताना एका संध्याकाळी, माझी शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती, त्यांच्याकडे दुपार व्हायची होती, आणि लिस्बनच्या चित्राने एक झटका खाल्ला. पडदा काळा झाला, पुन्हा आला. निवेदिका बोलत होती, पण अर्धे दिवे गेलेले. मी लाईनवर गेले.

"नूनो, काय चाललंय? आमच्याकडे चित्र काळं झालं."

"वीज गेली."

"इमारतीची?"

"देशाची."

मला वाटलं, नेहमीप्रमाणे वाढवून सांगतोय. पण तो हसत नव्हता. सगळ्या देशाची वीज एकदम गेली होती, शेजारच्या देशाचीही. कारण कुणालाच माहीत नव्हतं. स्टुडिओ जनरेटरवर आला होता. रस्त्यावरचे सिग्नल बंद, लिफ्टमध्ये माणसं अडकलेली, मोबाइल एकेक करून मुके होत चाललेले.

"तुझी यंत्रं बाजूला काढ," तो म्हणाला. "जाहिरात नाही, पाटी नाही, काही नाही. येईल ते जसंच्या तसं जाऊ दे."

"आणि फुटबॉल आलं तर?"

"वाईदेई, आज फुटबॉल येणार नाही."

हे ऐकून मात्र मी घाबरले.

थोड्या वेळाने तोच लाईनवर आला आणि अगदी थकलेल्या आवाजात म्हणाला, "तुला एक गंमत सांगू? इथे कुणाच्याच घरात टीव्ही चालू नाही. आम्ही जीव तोडून बातम्या देतोय आणि देशात एकही माणूस बघत नाहीये. बघतायत ते बाहेरचे. तुझे लोक."

माझे लोक. ज्यांना महिनाअखेर बंद करायचं होतं ते. मला संतापच आला. आणि तेवढ्यात दुसरा फोन वाजला.

डोना आल्दांचा आवाज मी आधी ओळखलाच नाही. त्या तक्रार करत नव्हत्या. त्यांची थोरली बहीण लुर्दिश पोर्तुगालमध्ये, कोइंब्राच्या पुढे डोंगरातल्या एका खेड्यात एकटी राहायची. तिला चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन लागायचं आणि ते विजेवर चालायचं. आतली बॅटरी दोन-तीन तास टिकते, असं तिने एकदा सांगितलं होतं. फोन लागत नव्हता. शेजाऱ्यांचा लागत नव्हता. अग्निशमन दलाचा लागत नव्हता.

"मेनीना, तुझ्याकडे लिस्बनची तार आहे."

"डोना आल्दा, ती लाईन कामाची आहे. त्यावर मला असं..."

"मग हे काम नाही तर काय आहे?" त्या म्हणाल्या.

मी झुलकडे बघितलं. तो म्हणाला, "बॉस, कॅनॉट ला. सगळं रेकॉर्ड होतं." आणि असं म्हणत त्याने स्वतःच लाईनचं बटण दाबलं.

मी नूनोला सांगितलं. तो उसळला. "इथे कोटभर माणसं आहेत आणि प्रत्येकाला एक बहीण आहे. मी काय करू? माझी स्वतःची आई चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे." मला त्याच्या आईबद्दल काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आम्ही फक्त जाहिरातींवरून भांडलो होतो. मग त्यानेच मोठा श्वास सोडला. "गावाचं नाव सांग."

तिथे माझं पोर्तुगीज आडवं आलं. ते नाव नाकातून म्हणायचं होतं, मधे एक शेपटीवाला सी होता आणि शेवटी काहीतरी असं, जे मला म्हणताच येईना. मी दोनदा सांगितलं, त्याने दोनदा वेगळं ऐकलं. तसल्या नावाची म्हणे तिकडे चार गावं. शेवटी मी हात टेकले, डोना आल्दांचा फोन स्पीकरवर टाकला आणि तो सरळ लाईनच्या माईकसमोर उभा धरला.

मग ती दोघं बोलली. मी मधे हात उंचावून उभी. एक अक्षर कळत नव्हतं. त्यांचा आवाज चढत होता, त्याचा उतरत होता. एकदा तो काहीतरी विचारत राहिला आणि त्या उत्तर देईनात. मग त्यांनी पुटपुटल्यासारखा एक आकडा सांगितला. समोरच्या पडद्यावर निवेदिका कागद हातात घेऊन वाचत होती, कारण तिचा वाचायचा पडदाही गेला होता.

नूनो मला म्हणाला, "टीव्हीचा आज उपयोग नाही. पण वरच्या मजल्यावर आमच्याच मालकांचं रेडिओ केंद्र आहे. लोक गाड्यांत बसून रेडिओ ऐकतायत. मी जिना चढून जातो. तुला चित्र सांभाळता येईल ना, माझ्याशिवाय?"

"मी रोज तेच करते," मी म्हटलं.

तो गेला. त्याची खुर्ची तासभर रिकामी होती. त्या वेळात लिस्बनहून जे काही आलं ते झुल आणि मी जसंच्या तसं पुढे पाठवलं. डोना आल्दांना मी फोन ठेवायला सांगितलं, त्यांनी ठेवला नाही. तिकडून त्यांच्या टीव्हीचा आवाज मला ऐकू येत होता, आमच्या पडद्यापेक्षा किंचित मागे. कधी कधी त्या मला इंग्रजीत सांगायच्या, आता विमानतळाबद्दल बोलतायत, आता म्हणतायत शांत राहा. वाहिनीवर काय चाललंय ते मला कुणीतरी समजावून सांगण्याची ती पहिलीच वेळ. नूनो परतला, म्हणाला, "रेडिओवर वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. आता मला माझ्या आईकडे जायचंय." मग डोना आल्दांची मुलगी घरी आली आणि तिने फोन आईच्या हातातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. लुर्दिश जिवंत होत्या आणि प्रचंड रागावल्या होत्या.

झालं होतं असं. शेजारच्या गावातला बेकरीवाला पाव पोचवायला निघाला होता. गाडीत रेडिओ चालू होता. त्याने आपलं नाव ऐकावं तसं ते गावाचं नाव ऐकलं, गाडी वळवली आणि डोंगर चढून गेला. बेकरीत त्याचा जनरेटर होता. त्याने बाईंना खुर्चीसकट उचलून पावाच्या गाडीत घातलं, बेकरीत नेलं, मशीन लावलं. वीज रात्री आली. तोवर त्या पिठाच्या पोत्यांच्या मधे बसून होत्या. गावातली अर्धी माणसं त्यांना बघायला आली.

"मग रागावल्या कशाला?"

"रेडिओवर सांगितलं, ऑक्सिजन मशीन लागणारी, वय वर्षं एक्याण्णव. तिने गावात पंचाऐंशी सांगितलं होतं." डोना आल्दा पुढे म्हणाल्या, "तुझा तो माणूस वय विचारत होता. म्हणाला, वयाशिवाय लोक गाडी वळवत नाहीत. मी काय करणार?"

तो आकडा कसला होता ते मला तेव्हा कळलं.

रेमंडने रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला बोलावून घेतलं. खाजगी कामासाठी लाईन वापरणं नियमात बसत नाही, पुढच्या वेळी स्वतःचा फोन वापर, म्हणाला. फोन लागत नव्हते, मी म्हटलं. तरीही, तो म्हणाला. मी त्याला विनंती केली की लिस्बनला लिही, हे प्रसारण ठेवा म्हणून. अख्ख्या देशात कुणी बघत नव्हतं तेव्हा आपल्याकडचे लोक बघत होते, एवढं तरी कळव. रेमंड वाईट माणूस नाही. त्याने खरंच लिहिलं. नूनोनेही तिकडून धडपड केली. उत्तरात कौतुक होतं. त्या दिवशीच्या आमच्या कामाचा त्यांना अभिमान वाटतो, असं होतं. आणि बंद करायची तारीख तीच होती.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी खालून सुरक्षारक्षकाचा फोन आला. एक आजी आल्यात, पास नाही, ऐकत नाहीत. पुंगोलहून दोन बस बदलून डोना आल्दा आल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. माझ्या कल्पनेत त्या धिप्पाड होत्या. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, हातात छत्री, गळ्यात मोत्यांची माळ. "मला ती तार बघायची आहे," त्या म्हणाल्या. रेमंड जेवायला गेला होता. मी पाहुण्यांचा पास काढून त्यांना वर नेलं.

खोली बघून त्या निराश झाल्या. "एवढीशी?" म्हणाल्या. थंडी वाजायला लागली तेव्हा झुलने त्यांना आपलं जॅकेट दिलं. संध्याकाळी, लिस्बनच्या सकाळच्या बातम्या संपल्यावर, आम्ही बटण दाबायचं होतं. नूनो लाईनवर आला. सगळं ठरल्याप्रमाणे बोललो. मग मी म्हटलं, "इथे कुणीतरी आलंय," आणि माईक त्यांच्याकडे वळवला.

त्या बराच वेळ बोलल्या. शांतपणे, खुर्चीत ताठ बसून. नूनोने थोडकंच उत्तर दिलं. मी मान वळवून पडद्याकडे बघत राहिले, कारण कुणीतरी तिकडे बघायला हवंच होतं. निवेदिकेने मान लववली, बोधचिन्ह फिरलं आणि मी बटण दाबलं. पडद्यावर काळं आलं. शेजारच्या पडद्यावर कोरियन मालिकेत कुणीतरी रडत होतं.

लिफ्टमधून खाली जाताना मला राहवलं नाही. "काय सांगितलंत त्याला?"

"सांगितलं की शनिवारी-रविवारी आवाज फार बारीक येतो. किती दिवस सांगायचं राहून गेलं होतं."

"आणि तो काय म्हणाला?"

डोना आल्दांनी माळ सारखी केली. "म्हणाला, सोमवारपर्यंत नीट करतो."